वजा म्हणजे नाही

२१ ऑगस्ट १९९५, सोमवार. लातूर.

मुज्तबा सर गेले. नांदेडला स्वतःचे क्लासेस काढतायत. दहावीची बॅच, नव्वद मुलं, बीजगणित अर्धवट. आमचे संचालक चंद्रप्पा सर स्टाफरूममध्ये म्हणाले, नवीन माणूस मिळेपर्यंत महिनाभर कोण सांभाळतंय? फिजिक्सवाले खिडकीबाहेर बघायला लागले. केमिस्ट्रीवाल्यांना खोकला आला. मी हात वर केला.

मी मराठी शिकवतो, हे खरं. पण गणित ही शेवटी भाषाच. चिन्हं ही तिची अक्षरं. ज्याला सगळे समास पाठ आहेत त्याला पंधरा-वीस चिन्हं जड जायचं काही कारण नाही. शिवाय मुखेडला मॅट्रिकला मला गणितात एकसष्ट होते. (अठ्ठावन्न. पण तपासणारा कडक होता.)

घरी सांगितलं. सिंधू भाकरी थापत होती. म्हणाली, मराठीचं लई चांगलं चालून राहिलंय की तुमचं, ह्यात कशाला पडता. तिला कॉन्फिडन्स ही गोष्ट माहीत नाही.

संकल्प : चार दिवसांत सर्व चिन्हांचा अर्थ समजून घेणे. रोज पहाटे पाच ते सात.

२२ ऑगस्ट

पहाट जमली नाही. पण दुपारी शंभर पानी वही आणून डावीकडे चिन्ह, उजवीकडे अर्थ असे रकाने आखले. आखणी सुंदर झाली. अकरा चिन्हं लिहून झाली, अर्थ उद्या.

२३ ऑगस्ट

आज एकदम उजेड पडला. अर्थ शोधायची गरजच नाही, तो व्याकरणात आधीच आहे. बरोबरचं चिन्ह म्हणजे क्रियापद, ‘आहे’. तीन टिंबांचं ∴ म्हणजे ‘म्हणून’, उभयान्वयी अव्यय. x हे सर्वनाम, कोणाच्याही जागी येतं. आणि वजा म्हणजे नकार. वजा म्हणजे ‘नाही’.

ताडून पाहिलं. वजा गुणिले वजा अधिक का होतं? कारण ‘नाही असं नाही’ म्हणजे ‘आहे’. इतकं सोपं. आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

२४ ऑगस्ट, गुरुवार

पहिला तास. वर्ग माझ्या मुठीत. ‘नाही असं नाही’ सांगितलं तेव्हा मागच्या बाकापर्यंत माना हलल्या. टेलरिंगवाल्या अकरमभाईंची मुलगी सादिया म्हणाली, सर, वजा वजाचं आज समजलं, आजपर्यंत नुसतं पाठ करत होतो. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, हे गुणाकारात बसतं, पण बेरजेत का बसत नाही? वजा दोन आणि वजा तीन मिळून वजा पाचच होतात. मी म्हणालो, छान प्रश्न, पुढं येईल.

नाव जगदेवी. रेणापूरहून रोज एसटीनं येते. मामाकडं राहते. सादियानं सांगितलं, भूकंपात तिची आई आणि भाऊ गेले, वडील अजून गावाकडं पत्र्याच्या शेडमध्येच आहेत.

२८ ऑगस्ट

चंद्रप्पा सर दारात पाच मिनिटं उभे राहिले आणि मान हलवून गेले. मी ती पसंती समजतो. पुस्तक लिहायचं ठरवलं : ‘गणिताचे व्याकरण’. दिवाळीपर्यंत पूर्ण. मग बाकीचे क्लासेसवालेही बोलावतील. आत्ता लातुरात क्लासचा बोर्ड दिसत नाही अशी गल्ली उरलेली नाही.

सिंधूला नाव सांगितलं. ती म्हणाली, आधी त्या गणिताचं गणित बघा.

४ सप्टेंबर, सोमवार

आजचा प्रसंग नीट लिहून ठेवतो, कारण पुढं कोणी वेगळं सांगेल.

असमानता हे प्रकरण. पेक्षा लहान <, पेक्षा मोठा >. मराठीत याला तर-तम भाव म्हणतात, माझा हातखंडा. मुज्तबा सरांच्या सायक्लोस्टाईल नोट्स मुलांपुढं होत्या. त्यात उदाहरण : −2x < 6. दोन्ही बाजूंना वजा दोननं भागलं आणि खाली उत्तर, x > −3. वरच्या ओळीत चिन्हाचं तोंड एकीकडं, खालच्या ओळीत दुसरीकडं. मध्ये एक शब्द खुलासा नाही. छपाईची स्टेन्सिल कापणाऱ्याची उघड चूक. सगळ्या पानावर सात ठिकाणी तीच.

मी वर्गाला समजावलं. शेळी म्हशीपेक्षा लहान आहे. दोन्हीकडं नकार घाला. शेळी नाही, म्हैस नाही, पण म्हणून शेळी म्हशीपेक्षा मोठी होत नाही. ‘पेक्षा’ जागचा हलत नाही. नव्वद मुलांना पेन काढायला लावले आणि सातही ठिकाणी तोंडं फिरवून घेतली. x < −3.

जगदेवी उभी राहिली. म्हणाली, सर, ताळा करून बघू का? मी हो म्हणालो, तीच चूक झाली. ती फळ्यापाशी आली. x म्हणजे वजा चार घेऊ म्हणाली. वजा चार हे वजा तीनपेक्षा लहान, म्हणजे तुमच्या उत्तरात बसतं. आता वरच्या ओळीत घाला. वजा दोन गुणिले वजा चार, आठ. आठ सहापेक्षा लहान पाहिजे.

मी म्हणालो, किंमत घालून ताळा बरोबरच्या चिन्हाला करतात, या चिन्हाला नाही. ती म्हणाली, मग या चिन्हाला अर्थ काय राहिला? मी म्हणालो, बस. तिनं खडू ठेवला, हात झटकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “बसते सर. पण आठ सहापेक्षा लहान न्हाईत.”

वर्ग हसला. कोणाला हसला ते मला कळलं नाही. मी तिला बाहेर उभं केलं. शिस्तीसाठी. मनात काही नाही.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. गुलाब मिळाला. मुलांनी प्रत्येक सरांसाठी चार ओळी लिहिल्या होत्या, माझ्या ओळींत ‘गणित सोपे करणारे’ असं आहे. कात्रण वहीत डकवलं.

चंद्रप्पा सरांनी विचारलं, काल दहावीत हसण्याचा आवाज कशाचा? मी म्हणालो, एक मुलगी आहे, जरा हट्टी. भूकंपातली. घरची माणसं डोळ्यांदेखत गेली, त्याचा मनावर परिणाम राहतो, कधी कधी समोर आहे ते दिसत नाही. ते गंभीर झाले. म्हणाले, घरी कळवायला पाहिजे. मी म्हणालो, तुम्हाला योग्य वाटेल तसं.

मी वेडी म्हणालो नाही. परिणाम म्हणालो. काळजीपोटी म्हणालो. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेनं कोणाकोणाच्या डोक्यात काय करून ठेवलंय हे कोण सांगणार.

७ सप्टेंबर

जगदेवी आली नाही. वर्ग शांत. कोणी प्रश्न विचारला नाही, दोन प्रकरणं झाली.

९ सप्टेंबर

सादिया सांगत होती, जगदेवीचे मामा, मलप्पा, ऑफिसात आले होते. चंद्रप्पा सरांनी दार लावून घेतलं. आता ती घरीच असते. मी म्हणालो, विश्रांती मिळेल, बरंच आहे. सादिया नुसती बघत होती. मुली या वयात बघतात.

संकल्प : मामांना पत्र टाकून चौकशी करणे.

१३ सप्टेंबर

पत्राला वेळ झाला नाही. पुस्तकाची प्रस्तावना सुरू केली. चार ओळी झाल्या. चौथी खोडली.

१६ सप्टेंबर, शनिवार

गुरुवारच्या टेस्टचे पेपर तपासले. एकोणनव्वद. असमानतेच्या गणितात त्र्याऐंशी मुलांनी x > −3 असं लिहिलंय. म्हणजे मी शिकवल्याच्या बरोबर उलट. सहा जणांचंच बरोबर, आणि त्यातल्या चौघांचे बाकीचे सगळे प्रश्न चुकलेत. एका मुलीचं खूळ सगळ्या वर्गाला लागतं ते असं. त्या त्र्याऐंशींना शून्य दिलं.

चंद्रप्पा सरांनी मार्कांचा तक्ता बघून विचारलं, एकाच गणितात इतकी मुलं कशी चुकतात? मी स्टेन्सिलची चूक सांगितली. ते इतिहासाचे. म्हणाले, मुज्तबाला एकदा दाखवून घ्या. मला आनंदच आहे. उद्या मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. नांदेडला जाऊन त्यांच्या नोट्समधल्या सात चुका त्यांच्या हातात ठेवतो. सौम्यपणे. त्यांचा अपमान होणार नाही असं बघेन.

१७ सप्टेंबर, रविवार. नांदेड.

परतीच्या एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय.

मुज्तबा सर नव्या जागेत बाकांना रंग देत होते. बाह्या वर सारलेल्या. म्हणाले, या वैजनाथराव, तिकडं टेकू नका, ओलं आहे. मी नोट्स पुढं केल्या आणि अगदी हसत म्हणालो, स्टेन्सिलवाल्यानं सात ठिकाणी घोळ घातलाय. त्यांनी लांबूनच बघितलं. म्हणाले, घोळ कुठं आहे, हे बरोबर आहे. वजानं भागलं की तोंड फिरतं.

मी माझी शेळी आणि म्हैस सांगितली. वजा म्हणजे नकार, हेही सांगितलं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाले, “वजा म्हणजे नाही, असं न्हवं. वजा म्हणजे मागे फिर. पीटीच्या तासाला पोरं एकामागं एक उभी करता ना. सादिया जगदेवीच्या मागं आहे. आता ऑर्डर द्या, मागे फिर. आता कोण मागं?”

मी म्हणालो, जगदेवी.

“पोरी जागच्या हलल्या का? न्हाई. पण मागचं पुढं झालं. तेवढंच आहे ते.”

आणि पुन्हा रंगवायला लागले. इतकं. एका वाक्याचं काम. मी पंचवीस दिवस वही आखत होतो.

मग म्हणाले, जगदेवी कशी आहे? मी हे शिकवायच्या आधीच तिनं आकडे घालघालून शोधून काढलं होतं. मला येऊन विचारत होती, सर, हे असं फिरतं ते खरं आहे का माझं चुकतंय. तशी पोरगी दहा वर्षांत एक मिळते. सांभाळा तिला.

मी म्हणालो, ठीक आहे ती.

चहा घेतला. पँटला मागं हिरवा रंग लागला, ते कंधार फाट्याला कळलं.

१८ सप्टेंबर

वर्गात आज सांगून टाकायचं होतं. मुद्दे काढून नेले होते. पण चंद्रप्पा सर मागच्या बाकावर येऊन बसले. संस्थेची प्रतिष्ठा म्हणून टाळलं.

१९ सप्टेंबर

घसा.

२१ सप्टेंबर

आज आलेख हे प्रकरण काढलं. जुनं उकरत बसलं तर पोर्शन पूर्ण होत नाही. बोर्डाला तो प्रश्न येईलच असं नाही.

२२ सप्टेंबर

सिंधूला सगळं सांगितलं. म्हणजे गणिताचं. मुलीचं नाही. ती म्हणाली, चुकलं तर चुकलं म्हणावं, त्यात काय. मग म्हणाली, कोण पोरगी होती ती फळ्याजवळची, तिला सांगितलं का? तिला फळ्याचं मी कधी सांगितलं होतं ते आठवत नाही. झोपेत बोलतो की काय.

मग मुलीचंही सांगितलं. तिनं ताट सारलं आणि आत गेली.

२५ सप्टेंबर, सोमवार

आज सांगितलं. जसं ठरवलं होतं तसंच नाही. मी म्हणालो, मुज्तबा सरांच्या नोट्समध्ये जे होतं तेही एका दृष्टीनं बरोबर मानायला हरकत नाही, तरी ज्यांना दुरुस्ती करायची असेल त्यांनी करून घ्यावी.

कोणी पेन काढला नाही.

सादिया उभी राहिली. म्हणाली, सर, आम्ही त्याच दिवशी मधल्या सुट्टीत परत करून घेतलं. जगदेवीनं एकेकाला ताळा करून दाखवला होता. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तिनं शेजारणीकडं बघितलं. “ती बोलली सर. तिचं काय झालं ते बघितलं ना आम्ही.”

मी म्हणालो, बस. मग म्हणालो, नाही, बरोबर आहे तुझं. मग तास संपला नव्हता तरी मी बाहेर आलो.

२६ सप्टेंबर

त्र्याऐंशी पेपर परत काढून मार्क दुरुस्त केले. सहा जणांचे कापायला हवे होते, ते कापले नाहीत. माझं ऐकणारे तेवढेच.

२९ सप्टेंबर

चंद्रप्पा सरांनी बोलावलं. उदगीरचे एक सर मिळालेत, एम.एस्सी., मंगळवारपासून येतील. माझे आभार मानले. मी जगदेवीचा विषय काढला. परिणामबिरिणाम काही नव्हता, असं म्हणालो. ते माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, अहो, तुमच्या सांगण्यावरून मी तिच्या मामाला दवाखान्यात दाखवा म्हणालो. दवाखान्याचं मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

३० सप्टेंबर, शनिवार

भूकंपाला दोन वर्षं झाली. अकरा वाजता सगळे वर्ग मैदानात, दोन मिनिटं शांतता. रांगा होत्या. दहावीच्या मुलींच्या रांगेत सादियानं आपल्या पुढं एक जागा मोकळी सोडली होती. मी रांग सरळ करायला गेलो आणि तसाच परत आलो.

संकल्प : उद्या रेणापूर. चार मुद्दे. (१) अध्यापनातील प्रयोगशीलता आणि तिच्या मर्यादा. (२) संवादातील गैरसमज. (३) मुलीचं कौतुक. (४) विनंती. मामांना पटेल असं बोलायचं. ती माझी ताकद आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

दुपारी दोनला पोचलो. घर शोधायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मलप्पांचं घर विचारलं, तर दुकानदार म्हणाला, ती डोक्यानं अधू पोरगी हाय, तेच का? मी हो म्हणालो. म्हणजे, ते घर हवं होतं.

मलप्पा ओसरीवर सोयाबीन निवडत होते. सुपात काळे दाणे वेगळे काढलेले. मी बसलो आणि पहिला मुद्दा सुरू केला. दुसऱ्यावर आलो तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

“सर, मला तुमचं हे कळत न्हाई. एकच सांगा. पोरगी बरी हाय का न्हाई?”

मी म्हणालो, बरी आहे.

“मग तुम्ही तसं काहून म्हणलाव?”

चार मुद्द्यांत याचं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, माझं गणित चुकलं होतं. तिचं बरोबर होतं. वर्गासमोर ते मला सोसलं नाही.

ते मग हळूहळू सांगायला लागले. दवाखान्यात नेलं. गोळ्या दिल्या, त्यांनी ती दिवसभर झोपायची. आठवड्यानं तिनंच बंद केल्या. तिचे वडील शेडमधून आले, माझी एवढीच राहिली होती म्हणून ओसरीवर बसून रडले. “आमच्या घरात त्या पहाटेपासून कुणी कुणाला डोक्याचं बोलत न्हाई सर. एकमेकांना लई सांभाळून राहिलोत. तुम्ही तेच नेमकं बोललाव.”

मी माफी मागितली. ते म्हणाले, मला मागून काय होतंय. गल्लीत समद्यांना ठाऊक झालंय. त्यांना सांगता का?

मला वाटलं ते बोलण्याच्या ओघात म्हणाले. पण ते उठले, चपला घातल्या आणि उभे राहिले.

कोपऱ्यावरच्या दुकानात चार माणसं होती. मलप्पा म्हणाले, हे लातूरचे सर, ह्यांचं ऐका. मी ऐकवलं. एकानं विचारलं, गणित कोणतं चुकलं? मी वजा आणि तोंड फिरण्याचं सांगायला लागलो. कागद मागितला, दुकानदारानं पुड्याचा कागद दिला. शेळी, म्हैस, पीटी, सगळं काढलं. कोणाला काही समजलं नाही. शेवटी दुकानदार म्हणाला, “म्हंजे पोरगी हुशार हाय आन् सरांनाच येत नव्हतं, असंच ना?”

मी म्हणालो, असंच.

“मग एवढं काहून लांबवलं.” आणि गिऱ्हाइकाला साबण द्यायला वळला.

परत आलो तर जगदेवी दारात उभी होती. वाळली आहे. मी तिच्यासाठी वही आणली होती, माझी, चिन्हांची. तिनं दोन पानं चाळली. रकाने चांगले आखलेत म्हणाली आणि परत दिली. मी माफीचं वाक्य जुळवत होतो तेवढ्यात तिनंच विचारलं, वर्ग कुठपर्यंत आला? मी म्हणालो, आलेख. तिनं बोटांवर मोजलं, किती प्रकरणं गेली ते. मी म्हणालो, परत ये, मी स्वतः बुडालेलं सगळं करून घेईन. रविवारी येईन. मामांसमोर शब्द देतो.

ती मामांकडं बघत राहिली. मामा माझ्याकडं.

मग मी सांगितलं की मंगळवारपासून उदगीरचे नवीन सर येतायत, बीजगणित आता माझ्याकडं नाही.

“मग येते,” ती म्हणाली.

मी बरं म्हणालो. पावणेपाचची एसटी मिळाली. जागा नव्हती, लातूरपर्यंत उभा होतो.